गाडीखालची माती

गोरेगावात गाड्या उभ्या करण्याच्या जागेवरून सर्वांत मोठे रण माजले ते आरे कॉलनीतल्या मेट्रोच्या कारशेडवरून. 4 ऑक्टोबर 2019 रोजी उच्च न्यायालयाने तिथल्या वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. त्याच रात्री आरेत करवती चालू झाल्या आणि 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने हात थांबवेपर्यंत 2,100 हून अधिक झाडे आडवी झाली होती. 2020 मध्ये कारशेड कांजूरमार्गला गेली, 2022 मध्ये आरेत परतली. या साऱ्या वर्षांत भांडण झाडांच्या आकड्यांवर झाले; झाकल्या गेलेल्या जमिनीचा हिशेब मागे पडला. सोसायट्यांच्या पार्किंगबाबत उपनगराने हीच चूक फार आधीपासून केली आहे.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाणी मुरायला जागा हवी हे सर्वांनी मान्य केले. तरी 2012 मध्ये नियम बदलून सोसायटीची बाग पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर, चढवायला वाट मोकळी झाली. डिसेंबर 2013 मध्ये कोहिनूर सीटीएनएल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने किमान बाग जमिनीवरच हवी, पोडियमवरची वरकड, असे बजावले. कारण उघड आहे: स्लॅबवरच्या मातीखाली वॉटरप्रूफिंग असते, पाणी पाइपातून थेट गटारात जाते आणि मोठ्या झाडाची मुळे अडून बसतात. पण बाग खाली आली, तरी उरलेल्या आवारात खोडाला भिडेपर्यंत पेव्हर ब्लॉक बसतच राहिले.

यावर आक्षेप येतो: मग गाड्या लावायच्या कुठे? गाडी जिथे नुसती उभी राहते तिथे जाळीदार ब्लॉक आणि मधे गवत चालते. अग्निशमन बंबाचा रस्ता पक्काच ठेवावा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खाली काळा पाषाण, पश्चिमेला सखल भाग. पाणी मुरणार किती? जुलै 2005 सारखा पाऊस कोणतीच माती पिणार नाही, हे खरेच. पण रोजच्या सरींचे पाणी अर्धा तास थोपले, तरी भरतीच्या वेळी नाल्यावरचा भार हलका होतो. जाळीत गाळ बसतो म्हणाल, तर नाले जसे पावसाळ्याआधी उपसतो तशी तीही साफ करावी. 2018 पासून लागू झालेली विकास नियमावलीही पार्किंगच्या जागा घरांच्या क्षेत्रफळावरून मोजते. इमारतीच्या ज्या नकाशावर त्या जागा दाखवतात, त्याच नकाशावर किती चौरस मीटर माती उघडी राहणार, हा आकडाही सक्तीचा करावा.