आंब्याच्या फांदीला काटा

वाढवणच्या भिंतींवर ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ रंगवलेलं मागे टाकत, कापणी झालेली खाचरं तुडवत आम्ही वारली पाड्यावर पोचतो तेव्हा सकाळचे साडेआठ वाजलेत. पुढे धर्मभगिनी असलेल्या सिस्टर. खांद्याला पिशवी, पायात रबरी चपला. त्या मूळच्या वसईच्या, कुपारी ख्रिस्ती घरातल्या. इथल्या बायकांशी मात्र वारलीतच बोलतात.

आंब्याच्या आडव्या फांदीला त्या वजनकाटा टांगतात, त्याच्या आकड्याला कापडी झोळी. एकेक पोर आत बसतं, भोकाड पसरतं. काटा स्थिर होईपर्यंत सिस्टर झोळीला हात लावत नाहीत, नुसत्या चुचकारत उभ्या राहतात. हात लागला की वजन चुकतं.

मग दंडाची पट्टी. हिरवी, पिवळी, लाल. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल. चौदा महिन्यांच्या एका पोराचा दंड १०.९ भरतो. सिस्टर पट्टी सोडतात, पुन्हा गुंडाळतात. पुन्हा १०.९. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून धरतात, खड्डा राहतो का बघतात. राहत नाही.

“बाय, याला दवाखान्यात न्यायला लागंल. चौदा दिवस.”

“चवदा दिस? शेळीला कोन बगंल, शिस्टर? मोठी पोर?”

नवरा वेरावळला बोटीवर खलाशी आहे. डहाणू-तलासरीच्या कितीतरी पाड्यांवरचे पुरुष पावसाळा सरला की गुजरातच्या बंदरांत जातात. त्याचा फोन लागत नाही. सासू गवत कापायला गेलीय. नकार कुणीच देत नाही, पण होकार द्यायलाही घरात कुणी नाही. सिस्टर रागावत नाहीत. आईशेजारी शेणाने सारवलेल्या अंगणात मांडी घालून बसतात, पोराला मांडीवर घेतात.

या पोराची नाळ त्यांनीच कापलीय, भर पावसात, दवाखान्याच्या वाटेवर रिक्षात. मला ॲना डेंगेल आठवते. ही ऑस्ट्रियाची डॉक्टर रावळपिंडीत काम करत होती. पुरुष डॉक्टरला न दाखवता बायका बाळंतपणात मरत होत्या, आणि धर्मभगिनींना बाळंतपणं करायला चर्चचीच मनाई होती. तिने १९२५ मध्ये या बायकांसाठी वैद्यकीय संघ काढला. १९३६ मध्ये रोमने मनाई उठवली. म्हणजे त्या रिक्षात सिस्टरनी जे केलं, ते शंभर वर्षांपूर्वी त्यांना करताच आलं नसतं.

१९९८ मध्ये वसई हा कॅथलिक धर्मप्रांत झाला, त्यात डहाणू-तलासरी हे तालुकेही आले. अशा कामावर धर्मांतराचा शिक्का मारणारे पुष्कळ भेटतात. आज या आंब्याखाली कुणी कुणाचा देव विचारलेला नाही. विचारलंय ते एवढंच, पोर रात्री किती वेळा उठतं, अंगावर पितं का, संडास कशी होते.

शेजारीण इतका वेळ दारात उभी राहून ऐकतेय. ती काही न बोलता खुंटाला बांधलेली शेळी सोडते, दावं हाताला गुंडाळते आणि तिला आपल्या अंगणात नेऊन बांधते. “पोरीलाबी माज्याकडं ठेव,” एवढंच म्हणते.

आई उठते. आत गाठोडं बांधल्याचा आवाज येतो. सिस्टर रिक्षावाल्याला फोन लावतात, आणि तो येईपर्यंत रांगेतल्या पुढच्या पोराला झोळीत बसवतात.