बर्फातील कवायत आणि जवानाचे शरीर

मागच्या महिन्यात रविवारच्या मिस्सेनंतर खानापूरकडील एक मावशी आमच्याकडे आल्या. त्यांचा धाकटा मुलगा बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात तयार झाला आणि आता बर्फातील शिक्षणासाठी काश्मीरकडे निघाला आहे. "फादर, आमच्याकडं पहाटंला शेकोटी पेटवली की भागतं. तिथं पोराचं रगत गोठणार नाही न्हवं?" हा त्यांचा प्रश्न. आपल्या गावांतून पलटणीत गेलेली मुले पुष्कळ आहेत, म्हणून या खेपेस खत-बियाण्यांचा विषय बाजूला ठेवून आम्ही याच प्रश्नाला हात घालतो.

अंगातले रक्त असे सहजी गोठत नाही. शरीराच्या गाभ्याची, म्हणजे काळीज, फुप्फुसे, मेंदू यांची ऊब सुमारे ३७ अंश राहावी लागते, आणि ती राखण्यासाठी शरीर एक जुनाच शेतकरी हिशेब करते. उन्हाळ्यात विहीर आटू लागली की आपण कडेच्या वाफ्यांची दारे बंद करून मधल्या उसाला पाणी देतो. थंडी लागताच शरीरही तेच करते. हातपाय, नाक, कान यांच्या कातडीतील बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त आत वळते. म्हणून बोटे आधी गार पडतात. मधूनमधून ही दारे थोडा वेळ उघडून बोटांना त्यांची पाळी मिळते खरी. पण गाभाच थंड होऊ लागला की ही पाळी चुकते. वाफा वाळतो तसे मग बोट जाते.

दुसरा उपाय म्हणजे चूल पेटवणे. आपले स्नायू हीच चूल. कुडकुडताना ते आपोआप हलतात आणि स्वस्थ बसलेल्या माणसाच्या चार-पाच पट उष्णता निर्माण करू शकतात. चालताना, चढताना तर याहूनही जास्त. गुलमर्ग साडेआठ हजार फुटांहून उंच आहे. तेथे सैन्याची बर्फातील युद्धाची शाळा १९४८ सालापासून आहे. पाठीवर ओझे घेऊन बर्फाची चढण चढणारा जवान शून्याखाली दहा अंशांतही घामाघूम होतो. वाचकांना हे नवल वाटेल, पण खरा घात येथेच आहे.

नांगरट करून घामेजलेला गडी बांधावर वाऱ्याला बसला की त्याला हुडहुडी भरते, हे आपण नेहमी पाहतो. ओल्या अंगातून ऊब फार वेगाने निघून जाते. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता ओढते. आपल्याकडे एवढ्याने फार तर पडसे येते. बर्फात थांबलेल्या जवानाचा घामाने भिजलेला सदरा मात्र त्याला तासाभरात लोळवू शकतो. म्हणून तेथे शिकवतात ते आपल्या समजुतीच्या उलट असते. निघताना वरचा एखादा कपडा उतरवायचा, थोडे गारच निघायचे. थांबताक्षणी तो पुन्हा चढवायचा. एक जाड कपडा घालण्यापेक्षा पातळ कपडे एकावर एक घालायचे आणि मोजे ओले झाले की लगेच बदलायचे. नव्या मुलाला हा ताप वाटतो. तो भरपूर कपडे अंगावर चढवून निघतो आणि पहिल्याच चढणीला भिजतो.

चुलीला सरपण लागते. शेतात दिवसभर कुदळ चालवणाऱ्या माणसाला साडेतीन हजारांच्या आसपास कॅलरी लागतात असे धरू. नॉर्वेतील सैनिकांची बर्फावरील लांब कूच चालू असताना मोजणी झाली, तेव्हा हा खर्च दिवसाला सहा हजारांच्या घरात गेलेला आढळला. इतके अन्न कूच करता करता कोणी खाऊ शकत नाही, आणि उंचावर तर भूकही मरते. मग शरीर आधी साठलेली चरबी जाळते आणि तिच्याबरोबर थोडे मांसही. वजन उतरते. त्यात दोन-तीन रात्रींची झोप गेली की कुडकुडणे उशिरा सुरू होते आणि कातडीची दारेही पूर्वीसारखी घट्ट लागत नाहीत. कवायतीचा पहिला दिवस सर्वांना भीतीचा वाटतो, पण आमच्या मते जपायला हवे ते शेवटच्या दिवसांना, जेव्हा मुलगा दमलेला, उपाशी आणि ओला असतो.

पाण्याचेही तसेच. रक्त आत वळले की मूत्रपिंडांना वाटते पाणी जास्त झाले, म्हणून लघवी वाढते. कोरड्या हवेत श्वासावाटेही ओल जाते आणि थंडीत तहान तर लागतच नाही. त्यामुळे तहान नसतानाही पाणी प्यावे लागते, तेही बर्फ स्टोव्हवर वितळवून. तोंडात बर्फ चघळला तर तो वितळवण्यात अंगातलीच ऊब खर्च होते.

लडाखला किंवा सियाचीनला जाणाऱ्यांना विरळ हवेशीही झगडावे लागते. सियाचीनवर आपले सैन्य एप्रिल १९८४ पासून आहे. वर चढवण्याआधी जवानांना टप्प्याटप्प्याने सवय लावतात: नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, पंधरा हजारांपर्यंत आणखी चार दिवस, त्यापुढे पुन्हा चार. पहिले दोन दिवस जवळजवळ विश्रांतीच. उत्साही मुलाने घाई केली तर फुप्फुसात पाणी भरून जिवावर बेतते.

सरावाने शरीर निबर होते का? थोडे होते. काही आठवड्यांत कुडकुडणे कमी होते, थंडीचा जाच वाटेनासा होतो आणि कमावलेल्या अंगात चूल अधिक वेळ धगधगते. परंतु जाच वाटेनासा होणे निराळे आणि बोट शाबूत राहणे निराळे. हिमदंश सरावलेल्यालाही होतो. दारूने मात्र उलटा परिणाम होतो. ती कातडीची दारे उघडते, माणसाला गरम वाटते आणि गाभ्यातली ऊब बाहेर निघून जाते. विडी-सिगारेट बोटांच्या रक्तवाहिन्या आणखी आवळते.

हिमदंशाची पहिली खूण म्हणजे दुखायचे थांबणे. कातडी पांढुरकी, मेणासारखी दिसते. स्वतःचे नाक स्वतःला दिसत नाही, म्हणून जोडीदाराने जोडीदाराचा चेहरा पाहत राहायचे, ही तेथील शिस्त. अशा जागी बर्फ चोळू नये, ती विस्तवाजवळही धरू नये. बधिर कातडी भाजली तरी कळत नाही. पुन्हा गोठण्याचे भय नसेल तेव्हाच ती कोमट, ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात धरावी. सर्व अंगच गारठले असेल तर काम आणखी नाजूक असते. आपल्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यातील लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद यांना फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनच्या हिमकड्याखालून सहाव्या दिवशी जिवंत काढले. पण मूत्रपिंडे आणि यकृत निकामी झाले होते आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांचा अंत झाला.

मुलगा सुट्टीवर आला आणि रात्री पायाची बोटे जळतात, मुंग्या येतात, असे म्हणू लागला, तर शेगडीवर पाय शेकू नयेत की कढत तेल चोळू नये. एकदा हिमदंश झालेल्या बोटांना वर्षानुवर्षे थंडी जास्त बाधते. त्याला लष्करी दवाखान्यात दाखवायला सांगावे. लाजेखातर हे दुखणे लपवणारी मुले आम्ही पाहिली आहेत.

मावशींनी शेवटी विचारले, त्याला पाठवू तरी काय? आम्ही सांगितले, लोकरीचे मोजे द्या, दोन जोड तरी, आणि शेंगदाण्याचे व तिळाचे लाडू. लाडू त्यांनी दुसऱ्याच दिवशी वळायला घेतले.