बोअरचं पाणी कडवट लागतंय? उकळून किंवा तुरटी फिरवून सल्फेट जात नाही

मुरुड (ता. लातूर) : नळाला पाणी आलं नाही की मुरुड आणि आसपासच्या गावांत घरचा बोअर नाहीतर शेतातली विहीर हाच आधार असतो. पाणी दिसायला नितळ असतं, पण काही ठिकाणी चव कडवट, मचूळ लागते. पाहुणे आले की त्यांचं पोट बिघडतं, घरच्यांना मात्र काही होत नाही. याची कारणं अनेक असू शकतात. त्यातलंच एक, पण फारसं कुणी न तपासणारं कारण म्हणजे पाण्यातलं सल्फेट.

सल्फेट येतं कुठून?

सल्फेट हा क्षाराचा एक प्रकार आहे. शेतकऱ्याला तो नवा नाही. तुरटी, मोरचूद, जिप्सम, मॅग्नेशियम सल्फेट ही सगळी सल्फेटंच. सिंगल सुपर फॉस्फेट आणि अमोनियम सल्फेट या खतांतही ते असतं. पिकाने न घेतलेलं सल्फेट पावसाबरोबर जमिनीत मुरतं. साखर कारखाना किंवा डिस्टिलरीचं सांडपाणी जमिनीत मुरत असेल तर तिथूनही क्षार उतरतात.

मराठवाड्यात पाऊस कमी आणि ऊन कडक. पाणी वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतात. त्यात एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, इतका दुष्काळ या जिल्ह्याने पाहिला आहे. पाणी खाली गेलं की बोअरही खोल मारावे लागतात. खोल खडकात जास्त काळ राहिलेल्या पाण्यात क्षार जास्त विरघळलेले असू शकतात. काळ्या पाषाणात पाणी भेगांमधून वाहतं. त्यामुळे शेजारच्या बोअरचं पाणी चांगलं निघालं म्हणून आपलंही चांगलंच असेल असं नाही.

किती चालतं, किती नाही?

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० आहे. त्यानुसार एक लिटर पाण्यात २०० मिलिग्रॅमपर्यंत सल्फेट योग्य धरतात. दुसरी सोयच नसेल तर ४०० पर्यंत चालतं, पण तेव्हा मॅग्नेशियम ३० मिलिग्रॅमच्या वर नको. कारण सल्फेट आणि मॅग्नेशियम एकत्र वाढले की पाणी जुलाबाच्या औषधासारखं काम करतं. ५०० च्या वर सल्फेट गेलं तर आरोग्य यंत्रणेला कळवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. १००० ते १२०० च्या आसपास पोट ढिलं होण्याचा त्रास दिसू लागतो.

रोज तेच पाणी पिणाऱ्याला हळूहळू सवय होते. नव्याने आलेल्या माणसाला, म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या बाळाला त्रास लवकर होतो. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचंच दूध द्यायचं, वरचं पाणी नाही. डॉक्टरांच्या सांगण्यावरून पावडरचं दूध द्यावं लागत असेल, तर ते कालवायला असं पाणी वापरू नये.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जुलाब लागले की "पाण्यातल्या क्षारामुळे असेल" म्हणून घरी बसू नका. दूषित पाण्यातले जंतू जास्त धोक्याचे असतात. जुलाबासोबत ताप असेल, रक्त पडत असेल किंवा लेकरू मलूल झालं असेल तर ओआरएस सुरू करा आणि लगेच दवाखाना गाठा.

घरात जे करतो त्याने काय होतं?

- उकळणं : जंतू मरतात, सल्फेट तसंच राहतं. पाणी आटलं तर उलट त्याचं प्रमाण वाढतं.
- तुरटी : गाळ बसतो. पण तुरटीतच सल्फेट असल्याने ते थोडं वाढतंच.
- कॅण्डलचा फिल्टर, यूव्ही, मेडिक्लोर : सल्फेटवर काहीच परिणाम नाही. जंतूंसाठी मात्र क्लोरीन हवंच.
- क्षार कमी करणारं सॉफ्टनर : पाण्याचा जडपणा जातो, सल्फेट जात नाही.
- आरओ : सल्फेटचा बराचसा भाग निघतो.

आधी तपासा, मग खर्च करा

टीडीएस मीटरवर सगळे क्षार मिळून एकच आकडा येतो. त्यात सल्फेट किती, ते कळत नाही. ग्रामपंचायतीच्या तपासणी किटमध्ये सल्फेटची चाचणी आहे का ते विचारून घ्या. नसेल तर नमुना पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्यावा लागतो. नमुना कुठे द्यायचा आणि फी किती, हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा.

नमुना घेताना मोटार पाच-दहा मिनिटं चालू द्या. स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा खळबळा आणि काठोकाठ भरा. बाटलीवर गाव, बोअरची जागा आणि तारीख लिहून शक्यतो त्याच दिवशी पोचवा. जंतूंच्या तपासणीसाठी वेगळी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या. सल्फेटसोबत मॅग्नेशियम, नायट्रेट आणि फ्लोराईडही तपासून घ्या. यांपैकी नायट्रेटला ४५ मिलिग्रॅमच्या वर सवलतच नाही. एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर तपासलं तर खरं चित्र कळतं.

जास्त निघालं तर?

सगळ्या घरासाठी मशीन बसवायची गरज नाही. आंघोळ, धुणं, भांडी यांना ते पाणी चालतं. फक्त पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी बदला. नळाचं पाणी तपासलेलं असेल तर ते साठवून पिण्यासाठी राखून ठेवणं सगळ्यात स्वस्त. जार आणत असाल तर प्लँटवाल्याला तपासणी अहवाल मागा. घरी आरओ बसवला तर नंतर शुद्ध पाण्याचीही एकदा तपासणी करा आणि फिल्टर वेळेवर बदला. आरओतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्षार जास्त असतात. ते फरशी आणि संडासला वापरा, बोअरच्या शोषखड्ड्यात सोडू नका. तिथे पावसाळ्यात छताचं गाळलेलं पाणी सोडलं तर क्षार पातळ व्हायला मदत होते.

गुरांचंही बघा

सल्फेट १००० च्या वर गेलं की जनावरं पाणी कमी पितात, शेण पातळ होतं, दूध घटू शकतं. वासरांना त्याआधीच, ५०० च्या पुढे त्रास होऊ शकतो. जास्त सल्फेटमुळे जनावराच्या अंगात तांब्याची कमतरताही होते. असं काही दिसलं तर पशुवैद्यकाला पाण्याचा अहवाल दाखवा. मिनरल मिक्श्चर कोणतं द्यायचं ते त्यावरून ठरवता येतं.