आकाशीय सूर आणि १/१००० सेकंद

खो-खोच्या स्पर्धा सुरू झाल्या की क्रीडापानावर एक छायाचित्र हमखास येतं. खांबाजवळ हवेत आडवा झालेला आक्रमक, पुढे ताणलेला हात आणि बोटांपासून वीतभर अंतरावर पाठीचा कणा वळवून निसटणारा संरक्षक. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे या महाराष्ट्राच्या खेळाडूंच्या नेतृत्वाखाली भारताने पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत बाजी मारली. तेव्हापासून या खेळाकडे कॅमेरे जरा जास्त वळू लागले आहेत. ‘तोच तो सूर’ म्हणून नाक मुरडणारेही आहेत. पण छायाचित्रकार खांबाशीच ठाण मांडून का बसतात, याचं उत्तर अर्धं खो-खोच्या नियमांत आहे आणि अर्धं न्यूटनच्या.

आधी साधा हिशेब. आक्रमक सेकंदाला ६ मीटर वेगाने पळतो असं धरू. शटर १/६० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात तो १० सेंटीमीटर पुढे सरकतो आणि चेहऱ्याचा नुसता फराटा उमटतो. १/२५० ला हे अंतर २.४ सेंटीमीटर, १/१००० ला ६ मिलिमीटर. म्हणजे १/२५० पुरेल? धडाला कदाचित पुरेल, हातापायांना नाही. पळताना जमिनीवर टेकलेलं पाऊल त्या क्षणी स्थिर असतं, आणि पुढे झेपावणाऱ्या पायाचा वेग धडाच्या जवळजवळ दुप्पट असतो. शाळेच्या मैदानावर काढलेला एखादा फोटो मोठा करून पाहा: एका बुटाची नाडीसुद्धा मोजता येते आणि दुसरा बूट धुरासारखा पसरलेला असतो. कॅमेऱ्यात दोष नसतो. एकाच माणसाच्या अंगात एकाच वेळी शून्यापासून १२ मीटरपर्यंतचे वेग नांदत असतात, एवढंच.

मग शटर वाढवलं की झालं, असं वाटेल. पण खरा अडथळा आपण स्वतः असतो. डोळ्यांनी पाहून बोट हलायला साधारण ०.२ सेकंद लागतात, आणि तेवढ्यात आपला आक्रमक १.२ मीटर पुढे गेलेला असतो. ‘आता!’ असं वाटलं तेव्हा दाबलेलं बटण म्हणजे हुकलेला फोटो. आरशाच्या जुन्या कॅमेऱ्यांत तर गंमतच होती. शटर उघडतं तेव्हा आरसा वर गेलेला, त्यामुळे व्ह्यूफाइंडरमध्ये जो क्षण स्पष्ट दिसला तो फिल्मवर नक्कीच आलेला नसायचा. थोडक्यात, क्षण येण्याआधी बटण दाबावं लागतं, आणि त्यासाठी काय होणार हे आधी ठाऊक हवं.

इथे खो-खोचा नियम मदतीला येतो. नवखे छायाचित्रकार संरक्षकाच्या मागे कॅमेरा फिरवत राहतात. तो हुलकावण्या देतो, मधल्या पाटीच्या इकडून तिकडे जातो, बसलेल्या खेळाडूंमधून साखळी काढतो. त्याचा अंदाज बांधणं अवघड. आक्रमकाला ही मोकळीक नाही. त्याने एकदा दिशा पकडली की खांबापलीकडच्या मुक्त क्षेत्रात पोहोचेपर्यंत मागे फिरता येत नाही, आणि मधली पाटी ओलांडणं तर फाऊलच. म्हणजे त्याची वाट आधीच आखलेली. माझं मत विचाराल तर नजर संरक्षकावर ठेवावी आणि कॅमेरा आक्रमकावर.

आता न्यूटन. सूर मारताना शरीर २० सेंटीमीटर वर उचललं गेलं, तर ते वर जाऊन पुन्हा त्याच पातळीला यायला सुमारे ०.४ सेकंद लागतात. त्यातले ०.२ सेकंद, म्हणजे निम्मा वेळ, शरीर सर्वांत वरच्या ५ सेंटीमीटरमध्येच असतं, कारण माथ्याजवळ वर जाण्याचा वेग मंदावत शून्य होतो. उडी कितीही उंच असो, हे प्रमाण बदलत नाही. उंचीचा वरचा पाव भाग निम्मा वेळ खातो. खेळाडू ‘हवेत थांबला’ असं प्रेक्षकांना वाटतं ते यामुळेच.

मात्र पुढे जाण्याचा वेग माथ्यावरही कमी होत नाही. बाजूने फोटो काढला तर तो सगळा फराट्यात उतरतो. खांबामागे, टोकाच्या रेषेबाहेर बसून समोरून काढला तर खेळाडू चौकटीत आडवा सरकत नाही, नुसता मोठा होत जातो, आणि फराटा कितीतरी घटतो. शिवाय चेहरा मिळतो. कॅमेरा मात्र जमिनीलगत हवा; उभ्याने काढलेल्या फोटोत सूर मारणारा माणूस आपटल्यासारखा दिसतो.

समोर बसण्याची किंमत फोकसमध्ये मोजावी लागते. २०० मिलिमीटरची लेन्स, छिद्र एफ/२.८, अंतर ८ मीटर: नीट दिसणारा पट्टा जेमतेम २५-२७ सेंटीमीटरचा. खांबाच्या अंतरावर फोकस बांधून ठेवला आणि सेकंदाला १० फोटोंचा सपाटा लावला, तर दोन फोटोंच्या दरम्यान आक्रमक ६० सेंटीमीटर सरकतो. पट्ट्याच्या अलीकडे एक, पलीकडे एक, आत एकही नाही, असं सहज घडतं. म्हणून सतत फोकस बदलणारा मोड वापरायचा. त्यात कॅमेरा आधीच्या काही अंतरांवरून वेग काढतो आणि शटर उघडेल तेव्हा खेळाडू कुठे असेल याचा अंदाज बांधतो. पण हा अंदाज बांधायला त्याला थोडा अवधी लागतो, तेव्हा बटण अर्धं दाबून आक्रमकाला दोन-तीन चौरस आधीपासून धरलेलं बरं.

उरला उजेड. १/२५० वरून १/१००० ला गेलं की प्रकाश चौथाई उरतो. प्रकाश कणाकणाने येतो, आणि कण कमी झाले की त्यांच्या संख्येतली चलबिचल डोळ्यांना जाणवते: १०,००० कणांत सुमारे १००चा फरक, म्हणजे १ टक्का, १०० कणांत १०चा, म्हणजे १० टक्के. आयएसओ वाढवल्यावर दिसणारी रवाळ माती ती हीच. रात्रीच्या सामन्यात आणखी एक भानगड असते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा तेजाळतात आणि मंदावतात. डोळ्यांना पत्ता लागत नाही, पण १/१००० चं शटर त्या एका हेलकाव्याचा फक्त दहावा भाग टिपतं. सलग काढलेल्या फोटोंपैकी एक उजळ, पुढचा काळपट, तिसरा पिवळट, हे त्यामुळेच. हेलकाव्याचा माथा गाठून शटर उघडण्याची सोय नव्या कॅमेऱ्यांत असते; मेनूत कुठेतरी दडलेली, पण असते. फ्लॅश मात्र नको, तो खेळाडूंच्या डोळ्यांत जातो.

मोबाइलवाल्यांनी दिवसाचे सामने गाठावेत. कमी उजेडात फोन बहुधा बरेच फोटो एकमेकांवर बसवून एक बनवतो, आणि पळणाऱ्याला मग तीन हात फुटतात.

सूर जमायला लागला की मी म्हणेन, खांब सोडा आणि चौरसात बसलेल्यांकडे वळा. पाठीवर थाप पडते, ‘खो’ ऐकू येतं आणि बसलेला गडी उठतो. सुरुवातीला त्याचा वेग शून्य असतो, त्यामुळे १/५०० लाही चेहरा खणखणीत येतो. तो कुठून उठणार हे ठाऊक असतं, आणि मागून धावत येणारा कुणाला खो देणार हे दोन पावलं आधी त्याच्या खांद्यावरून कळतं. क्रीडापानांवर असे फोटो फारसे दिसत नाहीत.