बारा महिन्यांतली सर्वात लांब रात्र आणि रेडिओ

मीडियम वेव्हवरचं आकाशवाणी केंद्र दिवसा आसपासच्या जिल्ह्यांपुरतं ऐकू येतं आणि रात्री त्याच काट्याजवळ परराज्यातली केंद्रं कुजबुजायला लागतात. ज्यांच्या घरी जुना रेडिओ होता त्यांना हे ठाऊक आहे. मुलांनी ‘असं का?’ विचारलं, की आपण ‘आयनांबर’ एवढा एक शब्द सांगून मोकळे होतो. त्यापेक्षा फिनलंडच्या उत्तर टोकाला, लॅपलंडमध्ये, फक्त रेडिओ ऐकायला जाणाऱ्या छांदिष्टांची गोष्ट सांगावी.

आधी कारण. सूर्यप्रकाशामुळे साधारण 60 ते 90 किलोमीटर उंचीवर आयनांबराचा सर्वात खालचा थर तयार होतो. तो मीडियम वेव्हच्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो, लहरी आणखी वरच्या थरापर्यंत पोचतात आणि तिथून परत वळून शेकडो, हजारो किलोमीटर दूर उतरतात.

आता इनारी हे ठिकाण बघा. अक्षांश जवळजवळ 69 उत्तर. डिसेंबरच्या सुरुवातीपासून साधारण महिनाभर तिथं सूर्य उगवतच नाही, दुपारी नुसता निळसर उजेड येतो. म्हणजे शोषणारा थर भरदुपारीही जेमतेमच!

वर्गात पृथ्वीगोल असेल तर इनारीपासून हवाईपर्यंत दोरा ताणून दाखवा. मुलांना वाटतं दोरा आडवा जाईल. तो जातो उत्तर ध्रुवाजवळून. अंतर सुमारे 10,000 किलोमीटर. घड्याळातही बारा तासांचा फरक आहे, म्हणजे फिनलंडमध्ये हिवाळ्यातली दुपारचे बारा वाजतात तेव्हा हवाईत मध्यरात्र असते. सगळी वाट काळोखाची. म्हणून हवाईतलं केंद्र तिथं दुपारी ऐकू येऊ शकतं. आपल्याकडे त्या वेळी दुपारचे साडेतीन वाजलेले असतात आणि ऊन तापलेलं असतं, त्यामुळे हा योग आपल्या नशिबी नाही.

अँटेना म्हणजे साधी तार, पण लांब: कित्येकदा एक किलोमीटरपर्यंत. माणसाच्या डोक्यापेक्षा थोडी उंच, झाडाझाडांतून, ज्या दिशेचं ऐकायचं त्या दिशेला नेलेली. हॅरॉल्ड बेव्हरेज या अमेरिकी अभियंत्याला 1921 मध्ये तिचं पेटंट मिळालं. एवढी लांब कशाला? 1000 किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी 300 मीटर. नववी-दहावीचं मूल हे गणित करू शकतं. तार लहरीच्या काही पट हवी. अशी तार गुडघाभर बर्फातून ओढायची, तुटली की अंधारात विजेरी घेऊन जोडायला जायचं. शहरात चार्जर आणि दिव्यांची घरघर एवढी असते, की हा खटाटोप तिथं करून उपयोग नाही.

आणखी एक मजा. अमेरिकेतली केंद्रं 10 च्या पटीत, तर युरोप-आशियातली 9 च्या पटीत. त्यामुळे अमेरिकी केंद्रं बऱ्याचदा फटीत सापडतात. दोन्ही कुठं एकमेकांवर येतात? 540, 630, 720... लसावि शिकवायला याहून जिवंत उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. 2015 च्या अखेरीस जर्मनी आणि फ्रान्सने आपली मीडियम वेव्ह प्रक्षेपणं बहुतेक बंद केली. जवळचा गोंगाट कमी झाला, दूरचं ऐकणं सोपं झालं. पण ज्यांना ऐकायचं, तीही एकेक करून बंद होताहेत, आपल्याकडेसुद्धा.

आणि एवढं करून हमी काहीच नाही. लॅपलंड ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यात येतं. सूर्यावर खळबळ झाली, आकाशात हिरवे पडदे हलू लागले, की ध्रुवाकडून येणाऱ्या लहरी शोषल्या जातात. मग रजा टाकून आलेला आठवडा नुसती खरखर ऐकण्यात जातो.

ऐकू आलं तरी ते कोणतं केंद्र? अमेरिकी केंद्राला दर तासाच्या ठोक्याला आपली अक्षरखूण सांगावी लागते. मिसिसिपीच्या पश्चिमेला ती बहुधा ‘के’ने, पूर्वेला ‘डब्ल्यू’ने सुरू होते. ती चार सेकंदं खरखरीत बुडाली, तर पुढचा तास थांबायचं. वेळ, फ्रिक्वेन्सी, कानावर पडलेले नेमके शब्द लिहून केंद्राला कळवायचं; त्यांनी पडताळून होकार दिला तरच नोंद पक्की. ‘बहुतेक तेच असेल’ याला इथं शून्य गुण.

घरी जुना रेडिओ असेल तर मुलांना हीच वही करायला सांगा. एकच जागा, दुपारी एकदा आणि रात्री दहाला एकदा, चार्जर काढून, आठवडाभर. रेडिओ आडवा फिरवला की आवाज कमी-जास्त होतो, तेही टिपू द्या. त्यातून केंद्राची दिशा काढता येते.