शोध किती खरा?

मुलांनो, चारकोपमधील एखाद्या वाचनालयात वर्तमानपत्रांची शंभर कात्रणे आहेत, असे समजा. त्यांपैकी दहा पाणीटंचाईविषयी आहेत. ती शोधायला आपण संगणकाला सांगितले. त्याने आठ कात्रणे पुढे ठेवली. वाचून पाहिले, तर सहाच कामाची निघाली.

आता संगणकाला गुण किती द्यावेत? दिलेल्या आठांपैकी सहा बरोबर, म्हणून त्याची अचूकता शेकडा ७५. परंतु हव्या असलेल्या दहांपैकी सहाच मिळाली, म्हणून त्याची व्याप्ती शेकडा ६०. दोन्ही आकडे पाहावे लागतात. सगळीच्या सगळी शंभर कात्रणे पुढे टाकली, तर व्याप्ती १०० होईल. पण अचूकता १० वर येईल. असा शोध काय कामाचा?

भलते कात्रण आपल्याला लगेच दिसते. राहून गेलेली चार मात्र दिसतच नाहीत! ती होती हे कळण्यासाठी आधी माणसांनी सर्व कात्रणे वाचलेली असावी लागतात. १९६० च्या दशकात इंग्लंडमधील क्रॅनफिल्ड येथे सिरिल क्लेव्हरडन यांनी असे प्रयोग केले. लेख ठरलेले, प्रश्न ठरलेले आणि कोणत्या प्रश्नाला कोणता लेख उपयोगी, याची यादी माणसांनी केलेली.

मराठीची अशी परीक्षा २००८ साली 'फायर' या भारतीय उपक्रमात झाली. २०११ मध्ये त्याचे संमेलन आपल्याच उपनगरांतील पवईच्या आयआयटीत भरले होते. परीक्षेसाठी 'महाराष्ट्र टाइम्स' व 'सकाळ' यांतील हजारो बातम्या घेतल्या होत्या. इतक्या बातम्या वाचणार कोण? म्हणून निरनिराळ्या संगणकप्रणालींनी वर आणलेल्या बातम्या एकत्र करून तेवढ्याच तपासतात. कोणालाच न सापडलेली बातमी मग हिशेबातच येत नाही, ही या रीतीची उणीव.

मराठीची अडचण तुम्हांला चटकन समजेल. उर्दूत आपण 'पानी का', 'पानी में' म्हणतो. 'पानी' तसाच राहतो. मराठीत 'पाणी'चे 'पाण्याचा', 'पाण्यात' असे होते. नुसती अक्षरे जुळवणारा संगणक 'पाण्यासाठी रांगा' हा मथळा ओलांडून पुढे जातो. म्हणून प्रत्यय काढून मूळ शब्द ओळखण्याची सोय करतात. तिने मराठीचे निकाल सुधारले. पण 'माळ्याला' हा शब्द 'माळी'चा की 'माळा'चा? येथे संगणक गोंधळतो आणि बागेतला माळी शोधणाऱ्यापुढे घराचा माळा आणून ठेवतो.