मोड आणा नागलीला. रंगीत बियाण्याला मुळीच नको!

पेरणीआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून आपण उगवण तपासतो. तीच रीत आता स्वयंपाकघरात न्या. अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात पिकणारी नागली मोड आणून दळली, तर तान्ह्या बाळाला उत्तम खुराक होतो.

मोड येताना होते तरी काय? कोंब पोसण्यासाठी दाण्यातला पिष्टमय साठा सुटू लागतो. म्हणून या पिठाची पेज पातळ राहते. साध्या पिठाची पेज घट्ट होते, मग आई पाणी वाढवते. वाटी भरते, पण पोटात पीठ थोडेच जाते. मोडाचे पीठ त्याच वाटीत जास्त मावते. शिवाय लोह अडवून धरणारे फायटेटही घटते. नागलीत कॅल्शियम मुळातच भरपूर, १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून अधिक.

कृती सोपी आहे. नागली निवडून तीन-चार पाण्यांनी धुवा. पिण्याच्या पाण्यात १२ तास भिजवा, मधे एकदा पाणी बदला. निथळून स्वच्छ सुती फडक्यात सैल बांधा व टांगून ठेवा. फडके ओलसर असावे, पाणी गळते नको. एक-दोन दिवसांत बारीक मोड दिसतात; सातपुड्याच्या थंडीत थोडा उशीर लागतो. मग उन्हात कडक वाळवा, मोड चोळून पाखडा, मंद भाजा आणि दळा. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला ही पेज चांगली शिजवूनच द्या. आंबूस वास आला किंवा दाणे बुळबुळीत झाले तर फेकून द्या.

आता दोन गोष्टी गाठीला बांधा. पहिली, पेरून उरलेले रंगीत बियाणे कधीही भिजवू नका. त्याला औषध चोळलेले असते; कितीही धुतले तरी ते खाण्यालायक होत नाही, कोंबड्यांनाही घालू नका. दुसरी, कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावते हे आपण जाणतोच. तेच विष ज्वारीच्या कोंबातही तयार होते. म्हणून बाळासाठी ज्वारी नको, नागलीच घ्या.

सरपंच व अंगणवाडीताईंनी गावात एकदा हे करून दाखवावे. खर्च काय? पसाभर नागली आणि एक फडके!